नकाशातील रंग कोण भरतो?

पावसाळ्यात दूरचित्रवाणीवर किंवा वर्तमानपत्रात महाराष्ट्राचा रंगीत नकाशा पाहावयास मिळतो. कोकणपट्टी गडद निळी, घाटमाथा जांभळा, मराठवाडा फिकट हिरवा. नकाशावर बोटभरही जागा कोरी नसते. हे पाहून कोणाचीही समजूत होईल की राज्याच्या कानाकोपऱ्यात पाऊस मोजला गेला आणि मग नकाशा रंगविला गेला. वस्तुस्थिती तशी नाही. पाऊस मोजतात तो मोजक्या ठिकाणी; मधली सारी जागा रंगते ती गणिताने. हे गणित कोणते, ते कोण ठरवितो आणि तुम्हाआम्हाला ते तपासता येते का, हे या लेखात पाहू.

आधी मोजणीचे पाहू. आपल्याकडील प्रमाणित पर्जन्यमापकाच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असते, म्हणजे वहीच्या एका पानाहूनही कमी. भारतीय हवामान खात्याने देशाच्या दैनंदिन पावसाचा जो मोठा संच तयार केला आहे, त्यासाठी १९०१ पासूनच्या एकूण ६,९५५ केंद्रांच्या नोंदी वापरल्या. ही सगळी केंद्रे सगळ्या वर्षी चालू होती असे नाही. ती होती असे धरले, तरी देशाचे क्षेत्रफळ सुमारे ३२.८७ लाख चौ. कि.मी. असल्याने एका केंद्राच्या वाट्याला ४७० चौ. कि.मी.हून अधिक जागा येते. एवढ्या जागेची साक्ष एकट्या पर्जन्यमापकाने द्यायची!

साक्षीदार खरा असला तरी तो उभा होता तेथलेच सांगणार. याचे उदाहरण मुंबईकरांना विसरता येणार नाही. २७ जुलै २००५ रोजी सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला नोंद झाली ती ७३ मि.मी.ची. दोन्ही केंद्रे हवामान खात्याचीच, दोन्हीकडची मोजणी बिनचूक, आणि दोहोंमधील अंतर सुमारे २४ कि.मी. उपनगरांत त्या दिवशी शेकडो माणसे दगावली. दक्षिण टोकाला मात्र तो पावसाळ्यातला नेहमीचाच एक दिवस होता.

आता प्रश्न असा : त्या दिवशी दादरला किती पाऊस पडला?

दादरचे गणित

दादरला पर्जन्यमापक नाही असे समजा. दादर कुलाब्यापासून १४ कि.मी. आणि सांताक्रूझ केंद्रापासून १० कि.मी. आहे असे धरू. सरळ मार्ग हा, की दोन्ही नोंदींची सरासरी घ्यावी. पण सांताक्रूझ जवळचे असल्याने त्याच्या नोंदीला अधिक वजन द्यावे. किती अधिक? अंतर जितके जास्त तितके वजन कमी, असा नियम केला तर कुलाबा आणि सांताक्रूझ यांची वजने १० : १४ या प्रमाणात येतील. मग

(७३ × १० + ९४४ × १४) ÷ २४ = ५८१ मि.मी.

दुसरा कोणी म्हणेल, वजन अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असावे. तसे केल्यास वजने १०० : १९६ होतात आणि उत्तर येते ६५० मि.मी. दोघांच्याही हातात त्याच दोन नोंदी आहेत, दोघांचाही गुणाकार-भागाकार बरोबर आहे, आणि तरीही उत्तरांत ६९ मि.मी.चा फरक पडला. मुसळधार म्हणावा असा एका दिवसाचा पाऊस केवळ सूत्र बदलल्याने वाढला!

या रीतीला अंतर्वेशन म्हणतात. अंतरानुसार वजने देण्याची एक सुधारित रीत डोनाल्ड शेपर्ड यांनी १९६८ साली मांडली, आणि आपल्या हवामान खात्याचा वर उल्लेखिलेला संच त्याच पद्धतीवर आधारलेला आहे. अर्थात तेथे दोनच केंद्रे घेत नाहीत. आजूबाजूची अनेक केंद्रे घेतात, आणि ती कोणत्या दिशांना आहेत याचाही हिशेब धरतात.

या रीतीचा एक गुणधर्म मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे. भारित सरासरी ही नेहमी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या संख्येच्या दरम्यानच राहते. म्हणजे कुलाबा आणि सांताक्रूझ यांच्या नोंदींतून तुम्ही कोणत्याही वजनांनी गणित करा, ९४४ च्या वर उत्तर येणारच नाही. प्रत्यक्षात त्या दिवशी विहार तलावावर एक हजार मि.मी.हून अधिक पाऊस नोंदला गेला होता. तेथे मापक होता म्हणून ते कळले. नसता, तर कोणत्याही नकाशाने ते सांगितले नसते.

समरेषांचा इतिहास

मोजलेल्या आकड्यांमधील जागा भरण्याची युक्ती संगणकाहून फार जुनी आहे. एडमंड हॅली – धूमकेतूमुळे तुम्हाला ठाऊक असलेला – याने १६८६ साली व्यापारी वाऱ्यांचा आणि आपल्या मोसमी वाऱ्यांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यातील आरेखन बरेचसे खलाशांच्या सांगण्यावर बेतलेले होते. १८१७ मध्ये हुम्बोल्टने समान तापमानाची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा काढल्या. भूगोलात शिकलेल्या समताप रेषा त्या याच. १८६३ मध्ये फ्रान्सिस गॉल्टनने युरोपच्या हवेचे नकाशे पुस्तकरूपाने छापले. आपल्याकडे हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. त्याचे मुख्यालय काही काळ सिमल्याला होते आणि तेथून १९२८ मध्ये ते पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, ते त्यामुळेच. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीस गेले, पण हवामानाच्या जुन्या नोंदी सांभाळण्याचे मोठे काम आजही पुण्यातच चालते.

हाताने रेषा काढणारा हवामानतज्ज्ञ नुसते आकडे जोडीत नसे. मध्ये सह्याद्री आहे, वारा पश्चिमेचा आहे, तेव्हा रेषा कोठे दाट करावयाची हे त्याला अनुभवाने ठाऊक असे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मि.मी.हून अधिक पाऊस पडतो आणि घाट उतरून वाईस यावे तर तो हजाराच्याही आत असतो, हे त्याच्या मनात पक्के असे. संगणकाला घाट ठाऊक नसतो. सांगितला तरच कळतो.

पुण्याहून मिळणारी जाळी

हवामान खात्याच्या या संचात सारा देश एका जाळीवर बसविलेला आहे. अक्षांश ६.५ ते ३८.५ उत्तर, रेखांश ६६.५ ते १०० पूर्व, आणि दोन बिंदूंमधील अंतर पाव अंश. म्हणजे उत्तर-दक्षिण १२९ आणि पूर्व-पश्चिम १३५ बिंदू. गुणाकार करा : एका दिवसाचे १७,४१५ आकडे. वर्षाचे झाले सुमारे ६३ लाख ५६ हजार. प्रत्येक आकड्याला संगणकात चार बाइट लागतात, म्हणून एका वर्षाची फाइल साधारण २५ मेगाबाइटची असते. ती कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते. १९७२ च्या दुष्काळाचे वर्ष घ्या, आजोबांच्या जन्माचे घ्या. १९०१ पासूनचे सारे आहे.

पाव अंश म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे २८ कि.मी. कुलाबा ते सांताक्रूझ हे अंतर याहून कमी आहे. तेव्हा २६ जुलैची ती विलक्षण तफावत या जाळीच्या एका घरात मावून जाते, आणि घराला आकडा एकच. जाळीचा हा दोष नव्हे; ती देशभराच्या अभ्यासासाठी विणलेली आहे. पण तिच्यातून काढलेल्या नकाशाकडे पाहून ‘माझ्या गावात इतका पाऊस झाला’ असे म्हणणे चूक आहे.

ही फाइल उघडली तर दिसते काय? काहीच नाही. तिच्यात नुसते आकडे एकापुढे एक आहेत. त्यांचे चित्र करावयास आज्ञावली, म्हणजेच प्रोग्रॅम लागतो. यासाठी हवामानशास्त्रज्ञ जी साधने वापरतात त्यांपैकी पुष्कळशी मुक्तस्रोत आहेत. ब्रायन डॉटी यांनी अमेरिकेत १९८८ च्या सुमारास लिहावयास घेतलेली ‘ग्रॅड्स’ ही त्यांतली जुनी आणि आपल्याकडे सर्वपरिचित. पुण्याच्या फाइलींबरोबर ग्रॅड्सला समजेल अशी वर्णनाची छोटी फाइलही मिळते : जाळी कोठून सुरू होते, अंतर किती, पहिला दिवस कोणता, आणि नोंद नसलेल्या जागी कोणता आकडा घातला आहे.

हे शेवटचे कलम महत्त्वाचे. समुद्रावर आणि देशाबाहेर नोंद नाही, पण जाळीचा बिंदू रिकामा ठेवता येत नाही. म्हणून तेथे −९९९ लिहितात. उणे पाऊस पडत नसल्याने गोंधळ होणार नाही, अशी त्यामागची कल्पना. पण आज्ञावलीला ते सांगावे लागते. समजा किनाऱ्यालगतच्या चार बिंदूंवर २०, ३०, ४० आणि −९९९ असे आकडे आहेत. खरी सरासरी पहिल्या तिघांची, ३० मि.मी. संगणकाला सांगावयाचे राहिले तर तो मुकाट्याने उत्तर देईल −२२७.२५ मि.मी.! असले उत्तर निदान हास्यास्पद तरी असते आणि त्यामुळे पकडले जाते. हजार बिंदूंमध्ये असे दोनच चुकार आले तर सरासरी सुमारे दोन मि.मी.ने घटेल, आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही.

तीच फाइल, तीन चित्रे

ग्रॅड्समध्ये एकच दिवस निरनिराळ्या तऱ्हांनी काढता येतो. ‘ग्रिड’ ही तऱ्हा निवडली तर प्रत्येक बिंदूवर नुसता आकडा छापला जातो. ‘जीआरफिल’ निवडली तर जाळीचे प्रत्येक घर एका रंगाने भरते. चित्र फरशीसारखे, चौकोनी दिसते. ‘शेडेड’ निवडली तर रंगांच्या कडा वळणदार, गुळगुळीत होतात. पाहणाऱ्याला तिसरे चित्र सर्वांत खरे वाटते. पण त्या वळणदार कडा कोणी मोजलेल्या नाहीत. केंद्रांवरून जाळी करताना एकदा अंतर्वेशन झाले, आणि जाळीवरून वळणे काढताना ते दुसऱ्यांदा झाले. माझ्या मते विद्यार्थ्याने पहिल्याने आकडे पाहावे, मग फरशी, आणि शेवटी वळणे. क्रम उलटा केला की डोळ्याला गुळगुळीतपणाची चटक लागते.

पायथन ही भाषा ज्यांना येते त्यांच्यासाठी ‘मॅटप्लॉटलिब’ आहे. जॉन हंटर हे मेंदूचे संशोधक. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्‌-लहरींचे आलेख काढण्यासाठी त्यांनी ही आज्ञावली लिहिली आणि २००३ मध्ये सर्वांना देऊन टाकली. आज तीच आज्ञावली मोसमी पावसाचे नकाशे काढते! नकाशाचे प्रक्षेपण आणि किनारे यांसाठी तिच्या जोडीला ‘कार्टोपाय’ असते. ती ब्रिटनच्या हवामान खात्यात तयार झाली. ज्यांना काहीही न लिहिता नुसते पाहावयाचे आहे, त्यांनी कॅमेरॉन बेकारिओ यांनी २०१३ साली केलेला वाऱ्यांचा चलत् गोल पाहावा. जुलैमध्ये त्यात सुमारे दीड किलोमीटर उंचीवरचा, म्हणजे ८५० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवरचा वारा निवडा. सोमालियाच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्र ओलांडून आपल्याकडे येणारा झोत असा काही दिसतो की पाठ्यपुस्तकातले बाण विसरून जाल. मात्र तेथे सरकणाऱ्या रेघा खऱ्या वाऱ्याच्या कितीतरी पट वेगाने सरकतात, आणि तो वारा बहुतांशी संगणकाच्या प्रतिमानाने काढलेला असतो, हे विसरू नका.

पिवळा पट्टा

आता रंगांकडे वळू. इंद्रधनुष्यासारखी निळा-हिरवा-पिवळा-तांबडा ही रंगमाला वर्षानुवर्षे नकाशांत वापरली गेली. तिच्यात एक खोड आहे. पिवळा रंग डोळ्याला सर्वांत उजळ दिसतो, आणि तो मालेच्या मध्यावरच्या भागात येतो. त्यामुळे जेथे पाऊस संथपणे वाढत गेला आहे तेथेही पिवळ्या पट्ट्यापाशी एखादी कड असल्याचा भास होतो. असा नकाशा शाळेतल्या झेरॉक्स यंत्रावर काळा-पांढरा करून पाहा. गडद निळा आणि गडद तांबडा, म्हणजे सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त, दोन्ही सारखेच काळे येतील. शिवाय तांबडा आणि हिरवा वेगळे ओळखता न येणारी मुले वर्गात असू शकतात; मुलींपेक्षा मुलग्यांत याचे प्रमाण बरेच जास्त असते.

मॅटप्लॉटलिबमध्ये हीच रंगमाला आपोआप वापरली जाई. तिच्यावर खुली चर्चा झाली, नव्या माला मांडल्या गेल्या, आणि २०१७ मध्ये ‘व्हिरिडिस’ नावाची माला तिच्या जागी आली. गडद जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत तिचा उजळपणा एकसारखा वाढत जातो, म्हणून झेरॉक्सवरही ती टिकते.

रंगांच्या पायऱ्या कोठे पाडाव्या हा याहून अवघड प्रश्न आहे. २६ जुलै २००५ साठी ० ते १,००० मि.मी. अशा शंभर-शंभरच्या दहा पायऱ्या केल्या तर कुलाब्याचे ७३ मि.मी. आणि एखादा कोरडा भाग एकाच रंगात येतील. हवामान खात्याची वर्गवारी वेगळी आहे : ६४.५ मि.मी.पासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार. त्या पायऱ्या घेतल्या तर कुलाबा ‘जोरदार’मध्ये येतो, पण २०५ आणि ९४४ यांचा रंग एक होतो. सर्व प्रसंगी चालेल अशी पायरी नाही. म्हणून नकाशाखालची रंगपट्टी वाचल्याशिवाय नकाशा वाचूच नये.

पायऱ्यांचे गुण

गणिताच्या पेपरात नुसते उत्तर लिहिले तर शिक्षक पूर्ण गुण देत नाहीत, पायऱ्या मागतात. उत्तर बरोबर असले तरी मागतात. मुक्तस्रोत आज्ञावली आणि इतर आज्ञावली यांतला फरक नेमका हा. मुक्तस्रोतात संगणकाला दिलेल्या सूचनांचे मूळ लिखाण सर्वांना वाचता येते, बदलता येते आणि पुढे देता येते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये या विचाराची चळवळ सुरू केली. ‘मुक्तस्रोत’ ज्याचा मराठी पर्याय आहे तो इंग्रजी शब्दप्रयोग १९९८ मधला. फुकट मिळणे निराळे. एखादी आज्ञावली फुकट असूनही बंद पेटीसारखी असू शकते. आपल्या दादरच्या उदाहरणात कोणी ५८१ सांगितले आणि कोणी ६५०, तर भांडण मिटवण्याचा मार्ग एकच : वजने कशी दिली ते दाखवा.

असे भांडण पृथ्वीच्या तापमानाबाबत खरोखरच झाले. न्यूयॉर्क येथील नासाची गोडार्ड संस्था जगभरच्या तापमानाचे नकाशे काढते. तिची रीत हॅन्सन आणि लेबेडेफ यांनी १९८७ मध्ये मांडलेली. एका केंद्रावरील तापमानाचा प्रभाव ते १,२०० कि.मी.पर्यंत पसरवितात. पुण्याहून दिल्ली सरळ रेषेत जवळजवळ तेवढीच दूर आहे! पावसाच्या बाबतीत २४ कि.मी.वर फसगत होते असे आताच पाहिले, मग हे कसे चालेल? चालते, कारण ते तापमान पसरवीत नाहीत; नेहमीच्या सरासरीपासूनचा फरक पसरवितात. महाबळेश्वर आणि वाई यांचे तापमान सारखे नसते, पण एखादा मे महिना महाबळेश्वरला नेहमीपेक्षा अंशभर तापला असेल तर वाईलाही बहुधा तेवढाच तापलेला असतो. असा मेळ शेकडो किलोमीटर टिकतो हे त्यांनी केंद्रांच्या नोंदींवरूनच दाखविले. मेळ अंतरागणिक कमी होतो, म्हणून वजनही कमी करतात. पावसात असा मेळ फार लवकर तुटतो.

२००७ च्या ऑगस्टमध्ये कॅनडातील स्टीव्ह मॅकइंटायर यांनी दाखवून दिले की अमेरिकेच्या २००० नंतरच्या नोंदींत दोन निरनिराळे संच नीट न सांधता जोडले गेले आहेत. चूक खरी होती. ती सुधारल्यावर अमेरिकेचे त्या वर्षांचे आकडे सुमारे ०.१५ अंशाने खाली आले. साऱ्या जगाच्या सरासरीत पडलेला फरक मात्र नगण्य होता, कारण अमेरिकेची ती भूमी पृथ्वीच्या पृष्ठभागाचा जेमतेम दोन टक्के भाग आहे. पाठोपाठ सप्टेंबरमध्ये संस्थेने आपल्या आज्ञावलीचे मूळ लिखाण सर्वांसाठी खुले केले. मग निक बार्न्स आणि डेव्हिड जोन्स या ब्रिटनमधील संगणकतज्ज्ञांनी ती जुनी, बरीचशी फोर्ट्रान भाषेतील आज्ञावली ओळीओळीने वाचून सुबोध पायथनमध्ये पुन्हा लिहिली. वाचताना त्यांना काही बारीक चुका सापडल्या, त्या त्यांनी संस्थेला कळविल्या. तापत्या पृथ्वीचा आलेख मात्र तोच राहिला. ज्यांनी मूळ आज्ञावली लिहिली नव्हती त्यांच्या हातून तोच आलेख निघाला, याचे मोल मोठे आहे.

या संस्थेच्या संकेतस्थळावर नकाशा काढताना १,२०० कि.मी.ऐवजी २५० कि.मी. निवडण्याची सोय आहे. तसे केले की उत्तर ध्रुवाभोवती आणि आफ्रिकेच्या काही भागांत करड्या रंगाची भोके दिसू लागतात. तेथे जवळपास केंद्र नाही. मला हा भोके पडलेला नकाशा फार आवडतो.

करून पाहा

तुमच्या जिल्ह्याचा कोरा नकाशा घ्या. पावसाळ्यातील एखाद्या दिवशी वर्तमानपत्रात तालुकावार पाऊस येईल, ते आकडे आपापल्या जागी पेन्सिलीने लिहा. दोघा मित्रांनी एकमेकांचे न पाहता १०, २५ आणि ५० मि.मी.च्या समवृष्टी रेषा काढाव्या आणि कागद एकमेकांवर ठेवून उजेडात धरावे. जेथे रेषा जुळल्या नाहीत तेथे शेजारच्या तालुक्यांतले अंतर किती आहे आणि मध्ये डोंगर आहे का, ते पाहा. शाळेत संगणक असल्यास तेच आकडे पायथनमध्ये भरून, अंतराचा एकदा पहिला आणि एकदा दुसरा घात घेऊन नकाशे काढा, आणि ते तुमच्या रेषांशी ताडून पाहा.

संगणक नसेल तर दादरचेच गणित वजने अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात धरून वहीत करा. वजने १,००० : २,७४४ येतील आणि उत्तर ७११ मि.मी. आले पाहिजे. मग दादरऐवजी दोन्ही केंद्रांपासून १२ कि.मी.वर असलेला बिंदू घ्या. आता पहिला, दुसरा, तिसरा, कोणताही घात घेतला तरी उत्तर एकच येते. ते किती, आणि असे का व्हावे?